मायना

लग्नसराईत अण्णांच्या दुकानात माझं एक ठरलेलं काम असे. मजकूर आमच्याकडे जुळवला जाई, छपाई शहरात होई आणि छापून आलेल्या पत्रिका पुठ्ठ्याच्या खोक्यांतून एसटीने खुलताबादला येत. खोकं उतरवेपर्यंत गठ्ठे एकमेकांत मिसळलेले असत. ते वेगळे करायचे. मी सातवीत होते आणि एकेक पत्रिका उघडून वधूवरांची नावं वाचत बसायचे. अण्णा म्हणाले, ‘‘नावं नको वाचूस, बाळ. डोकं बघ.’’

डोक्यावर ‘श्री गणेशाय नमः’ असेल ती पत्रिका टेबलाच्या डाव्या अंगाला. ७८६ असेल ती उजवीकडे. बुद्धांचं आणि बाबासाहेबांचं चित्र असेल ती मधे. मला उर्दू वाचता येत नव्हतं, पण ७८६ वाचता येत होतं. ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांना अबजद पद्धतीने किमती दिल्या की बेरीज ७८६ येते, हे पुष्कळ नंतर कळलं. त्या वयात तो आकडा दिसला की हात आपोआप उजवीकडे जाई, एवढंच. एकाच डोक्याच्या दोन घरच्या पत्रिका असल्या तरच नाव वाचायची वेळ येई. आणि क्वचित एखादी काळ्या चौकटीची निघे. तिच्या डोक्यावर काहीच नसे. ती दशक्रियेची. तिला अण्णा स्वतः हात लावत आणि खणात वेगळी ठेवत. लग्नाच्या पत्रिकांशेजारी ती त्यांनी कधी राहू दिली नाही.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांची जुनी हार्डडिस्क उघडायला घेतली. जुन्या संगणकावरून फाइली काढून घेत असताना लाइट गेली. पुन्हा आली तेव्हा संगणकाने आपणहून डिस्क तपासायला घेतली, तपासून झाल्याचं सांगितलं, आणि अण्णांचे सगळे फोल्डर नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्यं अशा नावाचा एकच फोल्डर. त्यात चारशेच्या वर फाइली. सगळ्यांची नावं एकसारखी: फाइल, चार आकडे, टिंब आणि सीएचके. एकही उघडेना. कुठली पत्रिका, कुठला अर्ज, कुठला फोटो, काही म्हणता काही कळायला मार्ग नव्हता. अण्णांना नावं ठेवायची फार हौस होती. गाव, आडनाव, महिना, सगळं फाइलच्या नावात यायचं. तीस वर्षांच्या त्या नावांतलं एक उरलं नव्हतं.

बहिणीचा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. तो रविवारी आला, डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि म्हणाला, ‘‘मावशी, फाइलचं नाव फाइलच्या आत नसतंच.’’

मला हे खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं संगणकासमोर बसले, तरी नाव हा फाइलचाच एक अवयव आहे असं धरून चालले होते. नाव असतं ते फोल्डरच्या यादीत: अमुक नाव, अमुक तीन अक्षरांचं शेपूट, आणि फाइल डिस्कवर कुठून सुरू होते त्याचा पत्ता. आमच्या डिस्कवरची ती यादी फाटली होती. मजकूर जिथल्या तिथे पडून होता, त्याच्याकडे जाणारी पाटी तेवढी गेली होती. तपासणाऱ्या यंत्राला असे बेवारस तुकडे सापडले, त्याने त्यांना क्रमांक दिले आणि एका खोलीत नेऊन ठेवलं.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याने काळ्या पडद्यावर इंग्रजीतली चार अक्षरं टाइप केली, ‘फाइल’, पुढे एक चांदणी, आणि एंटर दाबलं. ओळी भराभर वर सरकू लागल्या. प्रत्येक ओळीत डावीकडे तो निर्जीव क्रमांक आणि उजवीकडे उत्तर. जेपीईजी चित्र, रुंदी इतकी, उंची इतकी, अमुक कॅमेऱ्याने काढलेलं. पीडीएफ दस्तऐवज, आवृत्ती १.३. संयुक्त दस्तऐवज, करणाऱ्याचं नाव अमुक. झिप. पुन्हा जेपीईजी. मी खुर्ची पुढे ओढली. कुणीतरी अण्णांच्या टेबलाशी उभं राहून गठ्ठे लावतंय असं मला वाटलं.

या आज्ञेचा इतिहास मी मग शोधून वाचला. युनिक्स या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत, १९७३ साली, ती होती. आज लिनक्सवर आणि मॅकवरही जी चालते ती कॅनडातल्या इयान डार्विन यांनी १९८०च्या दशकात, दुसऱ्या कुणाचा कोड न पाहता, नव्याने लिहिली. आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून क्रिस्टॉस झूलास हे गृहस्थ ती सांभाळतात. तिची रीत साधी आहे. आधी ती प्रणालीला विचारते: हा फोल्डर आहे का, रिकामी फाइल आहे का, नुसता दुवा आहे का? तसं नसेल तर फाइलचे सुरुवातीचे काही बाइट वाचते आणि आपल्याजवळच्या खुणांच्या यादीशी ताडून बघते. तिथेही जुळलं नाही तर, हा निदान मजकूर तरी आहे का, असेल तर कोणत्या अक्षरसंचातला, हे पाहते. फाइलच्या नावामागचं शेपूट ती विचारात घेत नाही.

त्या खुणांना संगणकाचे लोक ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. जेपीईजी चित्राचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५. पीएनजीचा पहिला १३७ आणि पुढे सरळ तीच तीन अक्षरं. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ. जुन्या वर्डच्या फाइली २०८, २०७, १७, २२४ अशा सुरू होतात. हे आकडे सोळाच्या पद्धतीने लिहिले की ‘डॉकफाइल’ असं वाचता येतं. झिपच्या सुरुवातीला पी आणि के. ही फिल कॅट्झ या माणसाची आद्याक्षरं. झिपची रचना त्याची. तो २०००च्या एप्रिलमध्ये सदतिसाव्या वर्षी गेला. पुढे २००७पासून वर्डच्या नव्या फाइली मुळात झिपच्याच डब्यात ठेवल्या जाऊ लागल्या. म्हणजे आज आमच्या तहसील कचेरीसमोर जो कुणी अर्ज टाइप करून जतन करतो, त्या अर्जाच्या डोक्यावर कॅट्झची दोन अक्षरं असतात. तो माणूस कोण, हे कुणाला ठाऊक नसतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण शीत कुठूनही उचलतात. इथली परीक्षा आरंभाची आहे, आणि तिला मराठीत फार नेमका शब्द आहे: मायना. जुन्या पत्रांत मायना वाचला की पत्र कुणाचं कुणाला आणि कोणत्या नात्याने हे मजकुराआधी कळे. ‘तीर्थरूप’ म्हटलं की लिहिणारा धाकटा. ‘चिरंजीव’ म्हटलं की वडीलधारा. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ म्हटलं की मानाच्या माणसाला लिहिलेलं. पेशवाईतले मोडी कागद वाचणारे जाणकार चुरगळलेल्या कागदाची पहिली ओळ उलगडून त्याची जात सांगतात ते याच जोरावर. आणि जसा आरंभ ठरलेला तसा शेवटही. पत्र संपलं की तिथे मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरची मोर्तब ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहे. जेपीईजी चित्रालाही मोर्तब असते, २५५ आणि २१७. अण्णांच्या काही फोटोंना ती नव्हती. त्या चित्रांचा खालचा भाग राखाडी निघाला. एका वरातीत घोड्याचं डोकं आणि नवरदेवाचा फेटा दिसतो, खाली काही नाही.

आमच्या घरी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की आई ते उंबऱ्याच्या आत आणत नसे. उभ्याउभ्याच वाचायचं, कोण गेलं ते बघायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. त्याच्या माथ्यावर श्री नसे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असे, ती मात्र देवापुढे जाई. पोस्टमनला मजकूर वाचायची गरज नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळे की आज हातात काय आहे.

या गावात वाढलेल्या माणसाला नावाशिवाय ओळखायची सवय लहानपणापासून लागते. खुलताबादला जुनी माणसं अजून रौजा म्हणतात. डोंगरमाथ्यावरच्या या लहानशा गावात सुफी संतांचे दर्गे आहेत, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आहे, पहिला निजाम आहे, उघड्या मातीच्या कबरीत औरंगजेब आहे. त्याला मरणोत्तर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या उपाधीवरून गावाचं नाव पडलं. पण ही झाली नाव असलेली माणसं. त्यांच्या भोवती, शेताच्या बांधांवर, सीताफळीच्या झुडपांत, भद्रा मारुतीकडे जाणाऱ्या वाटांच्या आसपास जुन्या कबरी विखुरल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीएकांवर एक अक्षरही नाही. श्रावणातल्या एका शनिवारी निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन येताना मी अण्णांना विचारलं होतं, ‘‘इथं कोण आहे?’’ अण्णा थांबले, कबरीच्या माथ्यावर बोट ठेवलं. लांबट, उंचवटा असलेला दगड. ‘‘हे कलमदान. म्हणजे हा पुरुष.’’ पलीकडच्या कबरीचा माथा पाटीसारखा सपाट होता. ‘‘ही तख्ती. ही बाई.’’ एक लेखणीचा डबा, एक पाटी. मला वाटलं, म्हणजे दोघं मिळून एक शाळा झाली. मी तसं म्हटलं तर अण्णा कितीतरी वेळ हसत होते.

त्या दिवशी अण्णांनी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. हबशी देशातला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला. मूळ नाव चापू; ‘अंबर’ हे नाव त्याला विकत घेणाऱ्या मालकाने दिलेलं. त्याने १६१०मध्ये खडकी वसवली. तो १६२६मध्ये गेला, आणि त्याच्या शहराचं फतेहनगर झालं, पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहरासाठी त्याने जमिनीखालून पाणी आणलं होतं. नहर-ए-अंबरीचे ते मातीचे आणि दगडी मार्ग अजून शहराच्या पोटात आहेत. नावांबद्दल लोक किती तावातावाने बोलतात ते मी रोज ऐकते आणि त्या बोलण्यामागची दुखणी खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी अण्णांना सांगायचं होतं ते पाण्याबद्दल.

नावावर विसंबून राहण्यातला धोका आता घरोघर पोचला आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते. नाव पत्रिकेचं, निमंत्रण अनोळखी नंबरावरून, आणि आत असतो एपीके, म्हणजे फोनमध्ये घुसणारा प्रोग्रॅम. २०२४च्या लग्नसराईत पोलिसांनी याबद्दल लोकांना सावध केलं होतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी अशी पत्रिका उघडली आणि मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, ‘‘पत्रिकाच होती गं, वर तसं लिहिलं होतं.’’ आयुष्यभर पत्रिकेला हळदकुंकू पाहून विश्वास टाकलेल्या बाईला, या पत्रिकेच्या आत आरंभाला काय आहे ते बघा, असं कुणी सांगितलंच नव्हतं. बघायचं कसं, हेही कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यांच्यापेक्षा आपला सगळ्यांचाच राग येतो. एवढी यंत्रं त्यांच्या हातात दिली आणि साधा मायना वाचायला शिकवला नाही.

चारशे फाइलींपैकी तीनशेच्या वर अशा ओळखू आल्या. भाच्याने त्यांना शेपटं जोडली, त्या उघडू लागल्या. काहींपुढे नुसतं ‘डेटा’ असं आलं. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, ‘‘म्हणजे काहीतरी आहे, काय आहे ते माहीत नाही.’’ यादीत जुळणारी खूण सापडली नाही की ही आज्ञा एवढंच म्हणून थांबते. ती अंदाज करत बसत नाही, हे मला फार आवडलं.

पण मग साठेक फाइली राहिल्या, आणि त्यांच्यापाशी ती चुकत होती. त्यांच्यापुढे येत होतं, ‘नॉन-आयएसओ एक्स्टेंडेड-आस्की टेक्स्ट’. म्हणजे मजकूर आहे, इंग्रजीपेक्षा जास्त चिन्हं असलेला आहे, पण ओळखीच्या कुठल्या संचातला नाही. उघडून पाहिलं तर डोक्यावर टिंबं असलेली युरोपी अक्षरं, व्यापारचिन्हं, उभे-आडवे फटकारे. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, या खराब झाल्यात, काढून टाकू?’’

मी त्याचा हात धरला. कारण त्या गिचमिडीत एक अक्षर सारखं येत होतं: दोन टिंबं डोक्यावर घेतलेला ओ. एका ओळीत दहा-बारा वेळा. ते मी ओळखलं. तो आपला काना होता.

हे कसं घडलं ते सांगायला हवं, कारण मराठीची वीसेक वर्षं यात अडकून पडली आहेत. युनिकोड सर्रास होण्याआधी आपण मराठी टाइप करत होतो ती फॉन्टच्या आधाराने. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम आणि त्यातले योगेश, सुरेख हे फॉन्ट. कचेऱ्या आणि दुकानं त्यांच्यावर चालत. त्या फाइलीत खरं तर काना नसतोच. असतो एक क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी कान्याचं चित्र काढतो. योगेश-सुरेखच्या कुटुंबात कान्याचा क्रमांक २१४. हाच २१४ युरोपी संचात टिंबंवाला ओ. शिवाय या पद्धतीत ‘म’ म्हणजे अर्धा म आणि त्याला टेकवलेला काना, त्यामुळे तो ओ सगळीकडे. वर्डच्या फाइलीत फॉन्टचं नाव नोंदलेलं असतं, म्हणून ती बचावते. अण्णा पेजमेकरमध्ये घेण्यासाठी मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढून ठेवत. साध्या टेक्स्टला डोकं नसतं. फॉन्टचं नाव सुटलं की ती मराठी आहे याची एकही खूण फाइलीत उरत नाही. आपल्या लिप्यांसाठी १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानक झालं होतं. पण त्यातली फाइल दिली तर ही आज्ञा तिला युरोपी आयएसओ मजकूर समजते, कारण क्रमांकांचा पट्टा तोच आहे. आता युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं, पहिला २२४ आणि दुसरा १६४ नाहीतर १६५, तिथे निदान घोटाळा नाही. मधल्या काळातलं मात्र सगळं, पंचायतींचे ठराव, शाळांच्या स्मरणिका, लहान गावांतली साप्ताहिकं, कुणाच्या ना कुणाच्या डिस्कवर अशा टिंबांच्या गर्दीत पडलेलं आहे, आणि नवी मुलं ते खराब झालंय समजून पुसून टाकतात. त्यांना दोष कसा द्यायचा? ओळखणाऱ्याच्या यादीत आपली खूण नाही. ती यादी जगभरच्या लोकांनी एकेक ओळ पाठवून वाढवलेली आहे. जुन्या मराठीसाठी ती ओळ लिहिणं अवघड आहे, कारण सुरुवातीला खूणच नाही. पण कान्याची गर्दी मोजणारं काहीतरी नक्की लिहिता येईल. भाच्याने ते मनावर घेतलं आहे.

त्या साठ फाइलींवर मी चार रात्री बसले. भाच्याने फॉन्ट बदलून देणारा एक प्रोग्रॅम मिळवून दिला, तरी आधी मी त्या तशाच, गिचमिडीतच पाहत होते. हळूहळू दिसू लागलं की बहुतेकांची सुरुवात एकाच चिन्हांच्या झुबक्याने होते. दोन उभे दंड, मधे तीच ती पाच-सहा चिन्हं, पुन्हा दंड. म्हणजे श्री गणेशाय नमः. मला अक्षरं वाचता येत नव्हती, पण पत्रिका ओळखू येत होत्या. मी त्या डाव्या अंगाला, एका फोल्डरमध्ये, टाकत गेले.

चौथ्या रात्री एक फाइल निघाली, तिला तो झुबका नव्हता. मजकूर पहिल्याच चिन्हापासून थेट सुरू होत होता. ती उघडून वाचायच्या आधीच मला कळलं आणि ती मी वेगळी ठेवली. बाकीचं सगळं संपवून मग तिच्याकडे आले.

आजीची होती. २००४च्या पावसाळ्यात आजी गेली, तेव्हा तिची पत्रिका अण्णांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. रात्री दुकान उघडून एकटेच बसले होते आणि नऊच्या सुमाराला मला बोलावणं आलं, प्रूफ वाचायला. ते पडद्यावरून वाचत होते, मी हातातल्या कागदावर बोट फिरवत होते. आवाज नेहमीचाच होता. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ हेसुद्धा ते नेहमीसारखे म्हणत होते.

प्रोग्रॅमने मजकूर बराचसा नीट बदलून दिला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठेवतात आणि रफार नंतर, त्यामुळे या दोन ठिकाणी तो हटकून चुकतो. वेलांट्या मी आधी लावून घेतल्या. मग ‘उत्तरकार्याचा’ या शब्दापाशी आले. रफार ‘या’वरून सरकून ‘चा’वर जाऊन बसला होता. मी तो मागे आणला, आणि पुढची ओळ मोठ्याने वाचायला घेतली.